मातीच्या शिपायाचा पोशाख

दसऱ्याचे सोने वाटून झाले की सोलापुरात जागोजागी दगड-विटांची जमवाजमव सुरू होते. जुन्या वाड्यांच्या अंगणांत, सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या एखाद्या रिकाम्या कोपऱ्यात मुले गोणपाट भिजवू लागतात. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. त्यामुळे धनत्रयोदशीला देखणा दिसणारा बुरूज पाडव्यापर्यंत भेगाळतो, आणि त्या भेगा लिंपण्यातच मुलांची निम्मी दिवाळी जाते. बाजूला अळीव उगवून हिरवळ होते. मग कोणीतरी बाजारातून चित्रे आणतो: सिंहासनाधिष्ठित महाराज, भालदार, तोफा, दोन-चार डझन मावळे.

वाचकहो, या वर्षी त्यातला एक मावळा हातात घेऊन जरा निरखून पाहा. त्याचे पागोटे भडक केशरी, अंगरखा पोपटी, ओठ लालभडक, आणि सर्वांगावर दाराच्या कडीसारखी चकाकी. शेजारच्या मावळ्याचा वेश तसाच, आणि त्याच्या शेजारच्याचाही. बनवणाऱ्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. हंगामाच्या चार आठवड्यांत त्याला शेकडो नग रंगवायचे असतात. परंतु घरातल्या मुलासमोर वेळ मोकळा असतो. म्हणून माझी सूचना अशी, की निदान दहा चित्रे कोरी, न रंगवलेली आणावीत किंवा शाडूची घरीच करावीत, आणि त्यांचे पोशाख घरच्या मंडळींनी एका टेबलाभोवती बसून, शक्य तितके खरे रंगवावेत. हा छंद जगभर गंभीरपणे जोपासला जातो. अवघ्या ५४ मिलिमीटर उंचीच्या शिपायाच्या कोटावरील गुंड्यांचा रंग बरोबर की चूक, यावर प्रौढ माणसे तासन्‌तास वाद घालतात. आपल्या किल्ल्यावरची चित्रे त्यांचीच मावसभावंडे होत.

आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपल्या मनात आले असेल. त्याचे पहिले कारण रंगाच्या डब्यात आहे.

आमच्या लहानपणी मावळे रंगवण्यासाठी वेगळे रंग कोणी विकत आणत नसे. दारे-खिडक्यांना लावून उरलेला ऑईल पेंट माळ्यावर असे. वर धरलेली साय काडीने फोडायची, रॉकेल घालून तो पातळ करायचा आणि कुंचल्याचे केस विस्कटले की सरळ ओठांत धरून टोक काढायचे. त्या रॉकेलमिश्रित रंगाची चव मला अजून आठवते. त्या डब्यांत काय असे, हे तेव्हा घरात कोणाला ठाऊक नव्हते. पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांना तेज यावे व ते लवकर वाळावेत यासाठी तैलरंगांत शिशाची संयुगे घालण्याची रीत जगभर होती. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या वर जाऊ नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून उत्पादकांना तो बंधनकारक झाला. याचा सरळ अर्थ असा, की माळ्यावरचा त्यापूर्वीचा डबा हा संशयित डबा आहे. तसेच हा नियम घरगुती रंगांपुरता आहे. यंत्रांना, वाहनांना किंवा लोखंडी सांगाड्यांना देण्याचा औद्योगिक रंग त्यात येत नाही. गॅरेजमधून किंवा कारखान्यातून 'थोडासा उरलेला' म्हणून आणलेला पिवळाजर्द रंग मुलाच्या हाती देऊ नये.

शिसे शरीरात गेल्यावर कॅल्शियमसारखे वागते आणि हाडांत, दातांत जाऊन बसते. लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी जितका अंश शोषून घेते, तो प्रौढाच्या चार-पाच पट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि ज्याखाली धोका नाही अशी शिशाची कोणतीही पातळी ज्ञात नाही, असेही ती सांगते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. बहुतेक वेळा बाहेरून काहीच दिसत नाही. पोटदुखी, बद्धकोष्ठ, फिकटपणा, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे, ही लक्षणे इतकी सर्वसाधारण आहेत की त्यांवरून शिशाचा संशय कोणाला यावा? खात्री रक्ततपासणीनेच होते. म्हणून घरात पाच-सहा वर्षांखालील, सर्व काही तोंडात घालणारे मूल असेल, तर जुनी चकचकीत चित्रे त्याच्या हाती लागू देऊ नयेत. गतवर्षीचे मावळे पुन्हा रंगवण्यासाठी सँडपेपरने घासण्याची हौस तर मुळीच करू नये. वाळलेला थर जागच्या जागी असतो तोवर धोका मर्यादित असतो. घासून त्याची धूळ केली की ती श्वासात, बोटांवर आणि फराळाच्या ताटात जाते.

रॉकेल आणि टर्पेंटाइन यांविषयी एक गोष्ट स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. पाण्याच्या बाटलीत ठेवलेले हे द्रव मुलाने चुकून प्यायले, तर त्याला उलटी करवू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसांत शिरते आणि खरा घात तेथे होतो. मुलाला काहीही न पाजता तत्काळ रुग्णालय गाठावे.

कुंचल्याचे टोक ओठांनी काढण्याची सवय निरुपद्रवी वाटते, म्हणून तिचा इतिहासही सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवण्यासाठी तरुण मुली नेमल्या होत्या. रंगात रेडियम होते. आकडा रेखीव यावा म्हणून कुंचला ओठांत धरून टोकदार करण्यास त्यांना शिकवले गेले. पुढे त्यांतील अनेकींच्या जबड्यांची हाडे कुजली, कित्येक दगावल्या, आणि १९२० च्या दशकातील त्यांच्या न्यायालयीन लढ्याने कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यांना वळण दिले. आपल्या रंगात रेडियम नसते, हे खरे. सवय मात्र तीच आहे. मुलाच्या शेजारी ओल्या सुती चिंधीचा तुकडा ठेवावा आणि टोक त्यावर काढायला शिकवावे.

शिपायांच्या चित्रांचा आणि शिशाचा संबंध तर याहून जुना आहे. युरोपातील खेळण्यातले शिपाई कथील आणि शिशाचे ओतीव असत. लंडनच्या ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची युक्ती काढली आणि शिशाच्या मिश्रधातूचे हलके, स्वस्त शिपाई घरोघर पोहोचले. १९६६ च्या सुमारास, विषाची भीती सर्वमान्य झाल्यावर, त्या कंपनीने ते बनवणे थांबवून प्लास्टिकची कास धरली. आपल्याकडच्या मूर्तिकारांच्या पेटीतही निरुपद्रवी गेरू, काव, चुना, काजळी आणि नीळ यांच्या शेजारी शिशाचा शेंदूर, पाऱ्याचा हिंगूळ आणि आर्सेनिकचा हरताळ नांदत होते. पोथीतील चूक झाकण्यासाठी लेखक तिच्यावर हरताळ लावीत, त्यावरून 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आला. भाषेत उरला आहे तेवढा हरताळ पुरे.

आता या साऱ्या सूचनांनी आपण घाबरून जाऊन मुलाच्या हातून कुंचलाच काढून घ्याल, तर माझा हेतू फसला. कारण गंमत अशी आहे की, शिपायाचा पोशाख जितका खरा रंगवायचा, तितका घातक रंगांपासून माणूस आपोआप दूर जातो. खरा पोशाख चकाकत नाही. तो सुती असतो, विटलेला असतो, घामाने आणि धुळीने माखलेला असतो. त्यासाठी चकचकीत ऑईल पेंट निरुपयोगीच. त्याला पाण्यात कालवायचे, वाळल्यावर निस्तेज होणारे रंग लागतात: पोस्टर रंग, किंवा पाण्याने पातळ होणारे ॲक्रिलिक. विकत घेताना मुलांसाठी असलेले निवडावेत. कलावंतांसाठीच्या महागड्या नळ्यांत कधी कधी कॅडमियमचे रंग असतात, त्या मोठ्यांनीच वापराव्यात.

मग मावळ्याला रंगवावे तरी कसे? शिवकाळात आजच्या अर्थाने गणवेश नव्हता. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार आपला घोडा आणि हत्यार घेऊन येई. अंगावरचे कपडे ज्याचे त्याचे. तेव्हा एका साच्यातून निघालेले वीस मावळे वीस प्रकारे रंगवणे हेच अधिक सत्य. न धुतलेल्या कोऱ्या कापडाचा रंग शुभ्र नसतो, किंचित पिवळसर असतो. पांढऱ्यात काडीच्या टोकाइतकी काव मिसळली की तो साधतो. तांबडा रंग मंजिष्ठेच्या मुळांतून तुरटीच्या साहाय्याने येई, तो विटकरीकडे झुकणारा. निळा निळीचा, धुता धुता आकाशी होत जाणारा. पिवळा हळदीचा, उन्हात उडून जाणारा. आणि कुसुंबी रंग तर आपल्या घरचाच! सोलापूरच्या रानांतली करडई आज आपण तेलासाठी ओळखतो, पण तिच्या पाकळ्या पाण्यात धुऊन आधी पिवळा अंश काढून टाकीत आणि मग उरलेल्या पाकळ्यांतून कुसुंब्याचा गुलाबी-लाल मिळवीत. तो अतिशय देखणा आणि तितकाच कच्चा. म्हणून कुसुंबी पागोट्याचा वरचा, उन्हाकडचा भाग फिका आणि घड्यांच्या आतला भाग गडद दाखवला, तर ते पागोटे खरे वाटते. बाजारी चित्रांवरचा झगझगीत जांभळा मात्र सतराव्या शतकातल्या शिपायाला देऊ नये. कृत्रिम रंगांची कहाणी सुरू झाली १८५६ मध्ये, विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला लंडनमध्ये अपघाताने जांभळा रंग सापडला तेव्हा. खांद्यावर घोंगडी द्यायची असेल तर ती काळीकरडी असावी. सांगोल्याकडच्या धनगरांच्या घोंगडीत मेंढीच्या लोकरीचा मूळ रंगच दिसतो.

जुनी लघुचित्रे मुलांना अवश्य दाखवा. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातील दख्खनी शैलीतली चित्रे ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि त्यांच्या प्रतिमा आज घरबसल्या पाहता येतात. अंगरख्याची लांबी, कमरेचा पटका, त्यात खोचलेली कट्यार, पागोट्याचा बसका बांधा, हे सारे त्यांत आहे. त्या काळच्या चित्रांत हिंदू पुरुषांच्या जाम्याचे बंद सामान्यतः डाव्या बाजूला आणि मुसलमान पुरुषांचे उजव्या बाजूला बांधलेले दिसतात. ही खूण कळली की नातवंडे प्रत्येक चित्रात बंद शोधत बसतात. मग अर्धा तास त्यांच्या हाती मोबाईल देण्याची गरज उरत नाही.

आणखी एक विचार सुचवू का? सोलापूरची मुले दर वर्षी रायगड आणि प्रतापगड बांधतात. ते बांधावेतच. पण आपल्या गावचा भुईकोट, दुहेरी तटाचा, खंदकाचा, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव असलेला, तो क्वचितच कोणी बांधतो. सपाट जागेवर डोंगर न रचता होणारा हा किल्ला फ्लॅटच्या बाल्कनीतही मावतो. १८१८ च्या मे महिन्यात येथे पेशव्यांच्या तोफखान्याचे गणपतराव पानसे आपल्या फौजेसह होते, त्यांच्याकडे अरब शिपाईही होते. आणि समोरून जनरल मन्रोच्या पलटणी आल्या. पोशाखांची शोभा या प्रसंगात आहे. एका बाजूला ज्याच्या त्याच्या वेशातली, शेले-मुंडाश्यांची रंगीबेरंगी फौज. दुसऱ्या बाजूला एकसारखे लाल कोट आणि छातीवर फुलीसारखे पांढरे पट्टे. त्या लालातही भेद होता. ब्रिटिश सैन्यात साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांच्या रंगाचा, काहीसा विटकरी असे. अधिकाऱ्याचा कोट कोचिनील किड्यांपासून काढलेल्या महाग रंगाचा, भडक असे. सोलापूरच्या मे महिन्यात जाड बनातीचा कोट घालून लढणाऱ्या मद्रासी शिपायांच्या पाठीवर घामाचे डाग दाखवायला विसरू नये. धुळीच्या रंगाचा गणवेश, म्हणजे खाकी, यायला अजून तीस वर्षे अवकाश होता. 'खाक' म्हणजे धूळ. वायव्य सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीने १८४० च्या दशकाच्या अखेरीस ती प्रथम अंगीकारली.

प्रत्यक्ष रंगकामात उतावीळपणा चालत नाही. चित्र आधी कोरड्या कुंचल्याने झटकून पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यावा. रंग दुधाइतका पातळ असावा आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावेत. अंगाकडून बाहेर यावे: आधी त्वचा, मग अंगरखा, मग पटका, शेवटी हत्यार. इतक्या लहान आकारात प्रकाश स्वतः पुरेशा सावल्या पाडत नाही, त्या आपल्याला रंगवाव्या लागतात. यासाठी पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग अंगभर सोडला की तो घड्यांत साचतो आणि चुण्या उठून दिसतात. वाळल्यावर कुंचल्यातला जवळजवळ सगळा रंग चिंधीवर पुसून, उरलेला फिकट अंश उंचवट्यांवरून अलगद ओढावा. निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा टाळावा. डोळे पांढरे गोल करून त्यात ठिपका दिला की मावळा दचकलेला दिसतो. भुवईखाली एक गडद रेघ पुष्कळ झाली. तलवारीच्या पात्यावर राखाडी रंग वाळल्यानंतर शिसपेन्सिल घासली तर पोलादाची झाक येते. नावात शिसे असले तरी शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते. हे मुलांना सांगितले की त्यांना फार मौज वाटते. शेवटी गुडघ्यांपर्यंत आपल्याकडची धूळ, म्हणजे कावेत थोडी काजळी मिसळून, कोरड्या हाताने.

बसण्याचे तंत्रही रंगाइतकेच महत्त्वाचे आहे. चित्र बाटलीच्या बुचावर चिकटवावे, म्हणजे ते चिमटीत धरावे लागत नाही. दोन्ही कोपरे टेबलावर टेकवावेत आणि मनगटे एकमेकांना लावावीत; थरथर निम्म्याने कमी होते. उजव्या हाताने रंगवणाऱ्याला प्रकाश डावीकडून हवा. चित्र डोळ्यांपासून वीतभर अंतरावर आणण्याचा मोह होतो, तो आवरून हातभर अंतर ठेवावे. दर वीस मिनिटांनी मान वर करून दूरच्या झाडाकडे निदान वीस सेकंद पाहावे. मुलांची दृष्टी लघुदृष्टीकडे झुकू नये म्हणून रोज मोकळ्या उजेडात खेळणे आवश्यक आहे, म्हणून रंगकाम ऊन चढल्यावर आणि किल्ल्याचे मातीकाम सकाळी ठेवणे उत्तम.

या टेबलावर पालकांना दोन गोष्टी अनपेक्षितपणे दिसू शकतात. एखादा मुलगा पटका हिरवा म्हणून तपकिरी रंगवतो, लाल आणि करडा यांत चुकतो, आणि टोकले की हिरमुसतो. त्याला धांदरट म्हणू नये. तांबड्या-हिरव्या रंगांतला भेद जन्मतः न दिसण्याचा दोष मुलग्यांत मुलींपेक्षा खूपच अधिक आढळतो, आणि तो असलेल्या मुलाला आपल्याला काही कमी दिसते हेच माहीत नसते. नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या तक्त्यांची तपासणी काही मिनिटांत होते. त्यावर उपचार नसला, तरी शाळेत नकाशे, आलेख आणि रसायनशास्त्राच्या तासाला त्याची अडचण शिक्षकांना सांगता येते. घरात मात्र त्याला रंगांच्या डब्यांवर नावे लिहून द्यावीत. चुण्या आणि सावल्या रंगवण्यात ही मुले अनेकदा इतरांइतकीच निष्णात असतात.

दुसरी गोष्ट आजोबांच्या हाताची. कुंचला चित्राजवळ नेताना हात थरथरतो, की मांडीवर स्वस्थ ठेवला असताना? काम करताना वाढणारा कंप पुष्कळांना वयानुसार किंवा घराण्यात असतो. चहा-कॉफीने, थकव्याने तो वाढतो. हात विसावलेला असताना, विशेषतः एकाच बाजूला, कंप दिसत असेल आणि हालचालीही मंदावल्या असतील, तर मज्जातंतुतज्ज्ञाला दाखवावे. हा पार्किन्सनचा आरंभ असू शकतो. निदान घरच्यांनी टेबलावर बसून करू नये, फक्त पाहिलेले लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे. तोवर आजोबांकडे बारीक काम न देता पातळ तपकिरी रंग सोडण्याचे काम द्यावे. त्यात थरथरीने काही बिघडत नाही, आणि किल्ल्यावरची सगळी फौज त्यांच्या हाताखालून जाते.

काम संपल्यावर रंगाचे पाणी स्वयंपाकाच्या भांड्यांच्या मोरीत ओतू नये. हात साबणाने धुऊनच फराळाला बसावे. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडताना चित्रे सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावीत आणि आत एक चिठ्ठी टाकावी: कोणते वर्ष, कोणता रंग कशात मिसळला, कोणता शिपाई कोणी रंगवला. जुनी, संशयास्पद रंगाची चित्रे मात्र त्यांत मिसळू नयेत. टाकवत नसतील, तर ती काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवावीत.